लाइमची रक्ततपासणी: रिपोर्ट हातात घेण्याआधी शरीरात काय घडतं ते समजून घ्या

लाइम हा गोचीड चावल्याने होणारा जिवाणूचा आजार. आमच्या लॅबमध्ये त्याच्या तपासणीसाठी येणारे बहुतेक जण अमेरिकेहून परतलेले असतात. मुलाकडे किंवा लेकीकडे न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स अशा ठिकाणी उन्हाळा काढून आलेले आई-वडील, नाहीतर सुट्टीला घरी आलेली नोकरदार मंडळी. इथे आल्यावर गुडघा सुजतो किंवा अंगावर चट्टा दिसतो, आणि ‘एकदा तपासून टाकू’ म्हणून ते येतात. तपासायला काहीच हरकत नाही. पण चुकीच्या वेळी केलेल्या तपासणीचा रिपोर्ट दिशाभूल करतो आणि आजार असलेला माणूस निर्धास्त होऊन औषधाविना राहतो. तसं कुणाचंही होऊ नये, म्हणून हे माहितीपत्रक.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. ही तपासणी रक्तात जिवाणू शोधत नाही, कारण रक्तात तो थोडाच काळ आणि फार कमी संख्येने असतो. ती शोधते अँटिबॉडी, म्हणजे या जिवाणूविरुद्ध तुमच्या शरीराने तयार केलेली प्रथिनं. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि एकदा तयार झाली की आजार बरा झाल्यावरही कित्येक वर्षं रक्तात राहू शकतात. रिपोर्टबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींतून होतात.

आजार कुठला?

कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून हे नाव पडलं. १९७५ च्या सुमारास तिथल्या आणि शेजारच्या गावांतल्या अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. पॉली मरे नावाच्या एका आईने आजारी मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, म्हणून येल विद्यापीठातले डॉ. ॲलन स्टीअर तपासाला लागले. लक्षणं कधी दिसली, तारीख काय होती, हे घरच्यांनी लिहून ठेवण्याला किती मोल असतं ते यावरून कळतं. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात एक मळसूत्री जिवाणू दिसला. त्यांच्याच नावावरून त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेराय म्हणतात.

गोचीड चिकटल्यापासून

माणसाला बहुतेक वेळा लागण होते ती पूर्ण न वाढलेल्या गोचिडीकडून. मे ते जुलै हा तिचा जोराचा काळ. ती खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावलेलं दुखत नाही, त्यामुळे अनेकांना आपल्याला गोचीड लागली होती हे आठवतच नाही. जिवाणू अंगात शिरायला मात्र वेळ लागतो. गोचीड साधारण एक दिवसाहून जास्त, बरेचदा ३६ ते ४८ तास चिकटून राहावी लागते. जिवाणू तिच्या आतड्यात असतो तेव्हा त्याच्या अंगावर ‘ऑस्प-ए’ नावाचं प्रथिन असतं. गरम रक्त पोटात येऊ लागलं की तो ते कमी करतो, ‘ऑस्प-सी’ हे दुसरं प्रथिन चढवतो आणि लाळेच्या ग्रंथींकडे सरकतो. गोचीड लवकर काढून टाकण्याचा फायदा होतो तो यामुळे.

गोचिडीची लाळही त्याला मदत करते. लाळेतलं ‘साल्प-१५’ हे प्रथिन ऑस्प-सीला चिकटून जिवाणूला झाकतं आणि आपल्या टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) जागं होऊ देत नाही. जिवाणूला आपल्या त्वचेत पाय रोवायला सुरुवातीचे दिवस मिळतात ते असे.

पहिली फळी आणि तो लाल चट्टा

तरीही शरीर गप्प बसत नाही. त्वचेतल्या पांढऱ्या पेशी जिवाणूच्या अंगावरची चरबीयुक्त प्रथिनं ओळखतात, धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात आणि आणखी पेशी बोलावतात. जागा लाल होते, पसरते. जिवाणू चावलेल्या ठिकाणापासून बाहेर सरकत जातो, तशी ही लाली त्याच्यामागे वाढत जाते. म्हणजे जो चट्टा दिसतो तो जिवाणूने केलेली जखम नव्हे, तुमच्या प्रतिकारशक्तीचं काम डोळ्यांना दिसत असतं. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत तो येतो, सहसा ५ सेंटिमीटरपेक्षा मोठा होतो, खाजत नाही किंवा फार थोडा खाजतो. लागण झालेल्या सुमारे ७० ते ८० टक्के लोकांना तो येतो. मध्ये पांढरं आणि भोवती कडं असं चित्र इंटरनेटवर सगळीकडे दिसतं, पण पुष्कळदा चट्टा पूर्ण लालच असतो. सावळ्या त्वचेवर तो लालही दिसत नाही, काळपट किंवा जांभळट वाटतो आणि मार लागल्याचा डाग म्हणून दुर्लक्षिला जातो. आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवायलाच हवं.

रक्तात शिरलेल्या जिवाणूंना भोकं पाडून मारणारी प्रथिनांची एक साखळी आपल्या रक्तात कायम तयार असते. आपल्याच पेशींवर ती उलटू नये म्हणून ‘फॅक्टर एच’ हे प्रथिन तिला आवरतं. बोरेलिया नेमकं हेच फॅक्टर एच पकडून स्वतःच्या अंगाला चिकटवतो, आणि साखळी त्याला आपलाच समजून थांबते.

अँटिबॉडी उशिरा का?

आधी आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडी तयार होतात. त्या मोजण्याइतक्या व्हायला दोन ते चार आठवडे जातात. आयजीजी त्यानंतर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी. चट्टा मात्र बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच येतो. त्यामुळे चट्टा अंगावर ताजा असताना रक्त दिलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते. तो रिपोर्ट खोटा नसतो. अँटिबॉडी अजून झालेल्या नसतात एवढंच. म्हणून अमेरिकेतून आलेल्या माणसाच्या अंगावर असा चट्टा असेल, तर डॉक्टर तो पाहूनच उपचार सुरू करतात, रिपोर्टची वाट पाहत नाहीत. सुरुवातीलाच गोळ्या घेतल्या तर काहींच्या अँटिबॉडी पुढेही तयार होत नाहीत, आणि त्यात काळजीचं काही नाही.

अँटिबॉडी आल्यावरही जिवाणू लगेच हटत नाही. त्याच्या अंगावर ‘व्हीएलएस-ई’ नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्याकडे त्या प्रथिनाच्या जनुकाचे सुटे तुकडे साठवलेले असतात, ते आलटून पालटून जोडत तो प्रथिनाचा बाहेरचा भाग बदलत राहतो. शरीराने एका रूपाविरुद्ध अँटिबॉडी बनवेपर्यंत दुसरं रूप तयार असतं. गंमत अशी की या प्रथिनाचा एक आतला भाग बदलत नाही, आणि त्याच भागाविरुद्ध माणसात जोरदार अँटिबॉडी बनतात. ‘सी-६’ नावाची तपासणी याच भागावर उभी आहे.

रिपोर्टमधले आकडे

ही तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिली एलायझा, म्हणजे रक्तात या अँटिबॉडी आहेत का हे पाहणारी चाचणी. ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच दुसरी, वेस्टर्न ब्लॉट. अँटिबॉडी जिवाणूच्या कोणकोणत्या प्रथिनांना चिकटतात ते ती पट्ट्यांच्या रूपात दाखवते. ब्लॉटच्या रिपोर्टमध्ये १८, २३, ३९, ४१, ९३ असे आकडे दिसतात. प्रत्येक आकडा जिवाणूच्या एकेका प्रथिनाचं वजन सांगतो. २३ म्हणजे वर आलेलं ऑस्प-सी. ४१ म्हणजे जिवाणूच्या शेपटीसारख्या तंतूचं प्रथिन, आणि हा ४१ चा पट्टा पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात. पण असंच प्रथिन आपल्या तोंडातल्या निरुपद्रवी जिवाणूंमध्येही असतं. म्हणून लाइमचा वारा न लागलेल्या अनेक निरोगी लोकांतही ४१ उमटतो. एकटा ४१ म्हणजे लाइम नव्हे. १९९५ पासून चालत आलेल्या अमेरिकी निकषांनुसार आयजीजी ब्लॉटमध्ये १० पैकी किमान ५ पट्टे हवेत. आयजीएममध्ये ३ पैकी २, आणि तेही लक्षणं सुरू होऊन ३० दिवसांच्या आत असतील तरच. दोन महिन्यांपासून गुडघा दुखतोय, आयजीजी निगेटिव्ह आणि फक्त आयजीएम पॉझिटिव्ह, असा रिपोर्ट लाइमचा पुरावा धरत नाहीत. २०१९ पासून अमेरिकेत ब्लॉटऐवजी दुसरी एलायझा करण्याची पद्धतही मान्य झाली आहे.

बरं झाल्यावर पुन्हा तपासावं का?

नाही. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने सुरुवातीचा आजार साधारण १० ते १४ दिवसांत आटोक्यात येतो, पण अँटिबॉडी मागे राहतात. फक्त औषध लागू पडलं का हे पाहायला कुणी आलं, तर आम्ही त्यांना परत पाठवतो, कारण त्या खर्चातून काहीही कळत नाही. बरं वाटतंय का, सूज उतरली का, हे डॉक्टरांना विचारा.

या अँटिबॉडी पुढच्या खेपेला पुरेसं संरक्षण देत नाहीत. ऑस्प-सीचे अनेक प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्यावर फारशी चालत नाही. एकदा लाइम झालेल्या माणसाला पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा होऊ शकतो.

उपचार न झाल्यास काही महिन्यांनी सांधे सुजतात, बहुतेक वेळा गुडघा. या टप्प्याला आयजीजी जवळपास नेहमीच पॉझिटिव्ह असतं, तेव्हा इथे ही तपासणी खरोखर उपयोगी पडते. काही थोड्या रुग्णांचा गुडघा औषधांचा पूर्ण कोर्स झाल्यावरही सुजलेला राहतो. जिवाणू मेलेला असतो, पण त्याच्या भिंतीचे तुकडे सांध्यातल्या द्रवात उरतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडत राहते. अशा वेळी आणखी प्रतिजैविकं घेण्यापेक्षा सूज शमवणारे उपचार लागतात, आणि ते सांधेविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे.

आपल्याकडच्या गोचिडीचं काय?

गुरांना किंवा कुत्र्याला लागलेली गोचीड पाहून लाइमची तपासणी करायला येऊ नका. भारतात लाइमचे तुरळक रुग्ण नोंदले गेले आहेत. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात मात्र गोचिडीमुळे होणारा माकडताप आढळतो. तो विषाणूचा आजार आहे आणि त्याची तपासणी पूर्ण वेगळी. त्या भागातल्या काजूच्या बागेत किंवा जंगलात जाऊन आल्यावर ताप आला, तर थेट सरकारी दवाखाना गाठा.

नमुना देण्याआधी

उपाशीपोटी यायची गरज नाही. दंडातून थोडं रक्त घेतो आणि नमुना तपासणीसाठी मोठ्या लॅबकडे पाठवतो. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणा. कोणत्या राज्यात किती दिवस होता, गोचीड दिसली असेल तर ती तारीख, लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि घेतलेली औषधं कागदावर लिहून आणा. चट्टा आला असेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळतो. लक्षणं सुरू होऊन दोन आठवडेही झाले नसतील, तर आधी डॉक्टरांना भेटा. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि शंका राहिली, तर ते दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यायला सांगतील. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, छातीत धडधड झाली किंवा चक्कर आली, तर लॅबमध्ये न येता सरळ हॉस्पिटलला जा आणि अमेरिकेहून आल्याचं तिथे पहिल्यांदा सांगा.