बाथर्स्टची पाण्यावरची धावपट्टी

1941 मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुड्यांनी धुमाकूळ घातला होता. एकट्या यू-107 ने एकाच मोहिमेत 14 जहाजं बुडवली. ब्रिटनकडे निघालेले जहाजांचे ताफे सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात जमत, त्यामुळे शिकार आयतीच मिळे. वरून पहारा ठेवायला लांब पल्ल्याची विमानं हवी होती आणि नदीचं रुंद मुख मिळालं की सुंदरलँड या पाण्यावरून उडणाऱ्या विमानाचं भागत असे. त्याच वर्षी ब्रिटिश हवाई दलाच्या 204 स्क्वाड्रनने गॅम्बिया नदीच्या मुखाशी, बाथर्स्टला (आजचं बांजुल) तळ टाकला.

चार इंजिनं, 34 मीटरचे पंख, वजन 25 टनांच्या आसपास. चाकं नाहीतच, विमानाचं पोट म्हणजेच बोट. हे धूड पाण्यावरून सुटायचं कसं? नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावून बघा, चमचा धारेकडेच ओढला जातो. वेगात धावणाऱ्या बोटीचा गोलसर तळही पाणी असंच धरून ठेवतं. म्हणून तळाला मध्येच एक पायरी काढलेली असते. वेग वाढला की तिच्याशी पाणी तुटतं, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि पकड सुटते.

गंमत अशी, की आरशासारखं संथ पाणी वैमानिकांना नकोसं असे. लाटा नसल्या की तळाखाली हवा शिरत नाही. मग एखादी मोटरबोट पुढून फिरवून पाणी मुद्दाम ढवळावं लागे. त्यात उष्ण हवा विरळ, म्हणजे पंखांची उचल कमी आणि इंजिनाचा जोरही कमी.

दुरुस्तीही बहुधा पाण्यातच. पंखाच्या पुढच्या कडेचे पत्रे खाली उघडले की उभं राहायला फळी तयार होई. तिथून पाना निसटला, तर तो थेट नदीच्या तळाला!

ऑगस्ट 1943 मध्ये जवळच्या युन्डुमच्या जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडालेल्या वैमानिक लॉइड ट्रिगच्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानाने यू-468 ही पाणबुडी बुडवली. पेटलेलं विमानही समुद्रात कोसळलं, त्यातलं कुणी वाचलं नाही. पाणबुडीवरचे वाचलेले मोजके जर्मन एका रबरी तराफ्यावर तरंगत होते. तो तराफा 204 च्या सुंदरलँडने हेरला. पण भर समुद्रातल्या लाटांवर उतरायचं म्हणजे तळ फुटायची भीती. त्यांना उचललं ते क्लार्किया या युद्धनौकेने. ट्रिगला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळाला, तो या जर्मनांच्याच साक्षीवरून.