गेम 'पोरांचे' कधी झाले?

व्हिडिओ गेम म्हणजे पोराटोरांचं काम, हे इतक्या वेळा ऐकलंय की आधीपासून तसंच असणार असं वाटतं, पण सुरुवातीला पोरांचा काही संबंधच नव्हता. १९५८ ला अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमधे विल्यम हिगिनबोथम नावाच्या फिजिक्सवाल्याने, लॅब बघायला येणारी माणसं कंटाळू नयेत म्हणून ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र) इवल्याशा पडद्यावर टेनिस करून ठेवलं आणि लोकांनी त्यासाठी रांगा लावल्या. १९६२ चा स्पेसवॉर हा गेम एमआयटीतला, तोही लाखभर डॉलरच्या वर किंमत असलेल्या पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर, तिथे कुठली पोरं पोचणार!

मग १९७२, पाँग, नाणं टाकून खेळायचा टेबल टेनिससारखा गेम. अटारी कंपनीने त्याचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या एका बारमधे ठेवलं, थोड्याच दिवसात बंद पडल्याची तक्रार आली, ज्याने बनवलं तो अ‍ॅलन अल्कॉर्न बघायला गेला आणि उघडतो तर काय, नाण्यांचा डबा इतका गच्च भरलेला की पुढचं नाणं आत जायलाच जागा नाही. ही नाणी टाकणारे बिअर पिणारे लोक होते हो, शाळकरी मुलं नव्हेत.

१९८३ ला अमेरिकेत हा धंदा झोपला. भिकार गेम्सचा नुसता पूर आलेला, अटारीने तर न खपलेल्या कार्ट्रिज (मशीनमधे खोचायच्या गेमच्या डब्या) न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या (लोकांना ही भाकडकथा वाटायची, २०१४ ला खणल्यावर खरंच निघाल्या). दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढू देईनात. म्हणून १९८५ ला जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ते नावच टाळलं, मशीनला 'एंटरटेनमेंट सिस्टीम' म्हटलं आणि सोबत प्लास्टिकचा रोबोट दिला. रोबोट चालायचा दोनच गेम्सना, पण त्याच्या जिवावर खेळण्यांच्या शेल्फवर जागा मिळाली ना. 'मुलांचं' हा शिक्का माझ्या मते इथेच पक्का बसला.

१९९३ ला मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेमवरून अमेरिकन सिनेटमधे गदारोळ झाला तो त्यामुळेच, खेळण्यात रक्त कसं काय! पुढच्या वर्षी वयानुसार रेटिंग आलं. २०११ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुस्तकांना आहे तेच अभिव्यक्तीचं संरक्षण गेम्सनाही आहे, २०१२ ला न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने पॅक-मॅन, टेट्रिस धरून १४ गेम्स संग्रहात घेतले.

आणि २०१६, रिओ ऑलिम्पिकचा समारोप. पुढचं ऑलिम्पिक टोकियोत, म्हणून जपानचे पंतप्रधान शिंझो आबे भर स्टेडियममधे हिरव्या पाइपातून वर आले, निन्टेन्डोच्या गेममधल्या मारिओची लाल टोपी घालून.