संकल्पचित्र (नियोजित इनोव्हेशन संकुलाचे)

अजून न बांधलेली वास्तू डोळ्यांपुढे उभी करणारे चित्र, चलचित्र किंवा पुठ्ठ्याचे मॉडेल म्हणजे संकल्पचित्र. आर्किटेक्टच्या ऑफिसात त्याला ‘थ्रीडी’, ‘रेंडर’ किंवा नुसते ‘व्ह्यू’ म्हणतात. संकुलातून चालत गेल्यासारखे दाखवणारे चलचित्र असले, की तो ‘वॉकथ्रू’.

नागपुरात मिहान परिसरात २०२२ साली आयआयएमच्या संकुलाचे (मे) आणि एम्सचे (डिसेंबर) उद्घाटन झाले. इनोव्हेशन संकुलाची, म्हणजे संशोधन आणि नवउद्योग एकत्र चालतात त्या जागेची, गरज मात्र रुग्णालय किंवा महाविद्यालयापेक्षा वेगळी असते. प्रयोगशाळा, वर्कशॉप, नवउद्योगांना भाड्याने द्यायच्या खोल्या आणि कॅन्टीन एकमेकांजवळ हवीत, येता-जाता माणसांची गाठ पडायला हवी. त्यामुळे इमारतींइतकीच त्यांच्यामधली मोकळी जागा चित्रात नीट दिसली पाहिजे. आकाशातून घेतलेल्या देखण्या व्ह्यूमध्ये नेमकी तीच हरवते. जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवला, की अंगण केवढे आहे ते कळते.

काम जागेच्या मोजणीपासून सुरू होते. आधी इमारतींचे नुसते ठोकळे मांडतात, मग दारे-खिडक्या, दगड-काच-काँक्रीट आणि शेवटी प्रकाश. प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याची पद्धत संगणक-चित्रणाचे संशोधक टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये पुढे नेली. त्याच क्षेत्रातले जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये त्यामागचे समीकरण मांडले. आजही हा हिशेब वेळखाऊ आहे. दर सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, धरल्या, तर दोन मिनिटांच्या वॉकथ्रूला ३,६०० फ्रेम लागतात. एका फ्रेमला पाच मिनिटे म्हटली, तरी एका संगणकाला ३०० तास, म्हणजे साडेबारा दिवस.

खरी परीक्षा उन्हाची. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. २६ मेच्या आसपास, ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), दुपारी बाराच्या थोडे पुढे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशीच विरते. २१ जूनला तर भर दुपारी तो किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र मध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४५ अंशांवर राहतो. २० मीटर उंच इमारतीची सावली तेवढीच लांब पडते आणि उत्तरेकडचे अंगण थंडीत झाकोळून जाते. त्याच अंगणात कोवळे ऊन खात बसलेली माणसे दाखवणारे डिसेंबरचे चित्र खोटे आहे. मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीचे हाल होतात. संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून २३ अंशांवर उतरलेला असतो, आणि मीटरभर छज्जा त्याच्याखालची अर्धा मीटर काचही झाकू शकत नाही. तिथे उभे पडदे, जाळी किंवा खोल व्हरांडाच हवा.

म्हणून संकल्पचित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहिलेली असणे फार गरजेचे आहे. प्रत्यक्षात बहुतेक चित्रांत कायम सकाळचे सौम्य, कुठल्याही गावाचे ऊन असते. ज्या शहरात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे मेमधली दुपारी तीनचे एक चित्र मागून घ्यावेच. गच्चीवर मॉडेल नेऊन उन्हात तिरपे धरण्याचा जुना उपायही कामाचा आहे. सोबत छोटी सूर्यघडी ठेवली, की हव्या त्या महिन्याची सावली हातातच दिसते.

झाडांबाबत चित्रकाराचा हात फार सैल सुटतो. संकुल ताब्यात देण्याच्या दिवशी कडुनिंबाचे रोप काठीला बांधलेले असते. चित्रात त्याची सावली तीन मजल्यांवर पसरलेली. लॉनही मेमध्ये हिरवीगार दिसते, पण खालची काळी माती त्या महिन्यात भेगाळलेली असते आणि हिरवळ टिकवायला रोज पाणी लागते. एकाच जागेवरून दोन चित्रे काढणे हा त्यावरचा साधा मार्ग: एक संकुल उघडेल त्या दिवसाचे, दुसरे दहा वर्षांनंतरचे.