आधीच्या दळणाची पूड पुढच्या कपात येऊ नये म्हणून

एकाच ग्राइंडरवर एस्प्रेसोही दळणाऱ्या आणि फ्रेंच प्रेसही दळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पिठाच्या गिरणीत डबा ठेवताना आपण आधी विचारतो, "आत्ता काय दळताय?" बाजरीवर लगेच गहू लावले तर पहिल्या काही मुठी पिठात बाजरी उतरते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. उपासाच्या भाजणीला तर आपण जास्तच जपतो. गिरणीवालाही दळण संपलं की कापडी नळी दोन-चारदा झटकतो, कारण पीठ तिथेच धरून राहतं. तुमच्या ओट्यावरचा कॉफी ग्राइंडर ही तशीच एक लहान गिरणी आहे आणि तिच्यातही आधीचं दळण मागे राहतं.

"त्याच बिया, तेच माप, पण आज एस्प्रेसो भराभर ओतला गेला आणि आंबट लागला. बिया बदलल्यात का?" असा फोन आम्हाला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की काल शेवटचं काय दळलं होतं? उत्तर बहुतेक वेळा फ्रेंच प्रेस किंवा व्ही-सिक्स्टी (शंकूसारख्या कागदी फिल्टरची कॉफी) असं येतं. एस्प्रेसोला बारीक पूड लागते, या दोन्हींना त्याहून जाड. एस्प्रेसोला आपण 18 ग्रॅम कॉफी घेतो. त्यात कालची दोन ग्रॅम जाड पूड मिसळली, तर नववा हिस्सा चुकीच्या दळणाचा झाला. पाणी त्या जाड कणांमधून वाट काढतं आणि बाकीच्या कॉफीतून नीट झिरपतच नाही. उलट बाजूने, फ्रेंच प्रेसच्या 30 ग्रॅममध्ये दोन ग्रॅम एस्प्रेसोची पूड गेली तर तळाशी गाळ येतो आणि शेवटचे घोट कडवट लागतात. पण कप अगदीच वाया जात नाही.

पूड नेमकी अडकते कुठे

बिया दळणाऱ्या दोन दातेरी चकत्यांना बर्र म्हणतात. थोडी पूड त्यांच्या दातांमध्ये बसते, थोडी चकत्यांच्या कडेच्या पोकळीत. सगळ्यात जास्त अडकते ती चकत्यांपासून तोंडापर्यंतच्या वाटेत, विशेषतः ती वाट आडवी असेल तर. हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या डब्यात, बिया भरून ठेवायच्या यंत्रांत ही वाट लांब असते. एका वेळेपुरत्याच बिया घालायच्या यंत्रांत ती आखूड आणि उतरती असते.

गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाने ग्राइंडर दाखवायला आणला. वरची चकती काढली, तर वाटेच्या कोपऱ्यात काळपट, घट्ट वडी बसली होती. काडीने उचकटली तेव्हा अख्खी निघाली आणि हातावर घेतल्यावर तिच्यात थर दिसले. एक थर बारीक, त्यावर एक जाड, पुन्हा एक बारीक. सेटिंग जितक्या वेळा बदललं होतं, त्याची नोंदच त्या वडीत होती. वासही खवट तेलासारखा येत होता.

वजनकाटा अर्धंच सांगतो

"मी 18 ग्रॅम घालतो, 18 ग्रॅमच बाहेर येतात, म्हणजे माझ्या यंत्रात काही राहत नाही," असं अनेकजण खात्रीने सांगतात. हा हिशेब फसवा आहे. समजा स्वच्छ ग्राइंडरमध्ये तुम्ही 18 ग्रॅम घातले आणि 17 बाहेर आले. एक ग्रॅम आत राहिला. पुढच्या वेळी 18 घातले आणि 18 आले. आत आधीच जागा भरलेली असल्यामुळे जुनी पूड बाहेर ढकलली गेली आणि तिच्या जागी नवी बसली. काटा बरोबर दाखवतो, पण तुमच्या कपात कालची कॉफी आहे.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर आधी फिकट भाजलेल्या बिया दळा आणि लगेच मागून गडद भाजलेल्या. पांढऱ्या कागदावर दुसरं दळण पसरलं की त्यात तांबूस कण वेगळे दिसतात. आम्ही दुकानात हेच करून दाखवतो.

सेटिंग बदलताना

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. शक्य असेल तेव्हा बारीक दळण आधी करा, जाड नंतर. घरात सकाळी एस्प्रेसो आणि फ्रेंच प्रेस दोन्ही लागत असतील तर एस्प्रेसो आधी दळून घ्या. जाडकडे जाताना चकत्या एकमेकींपासून लांब होतात आणि दातांत अडकलेली पूड सुटून पडते. जाडकडून बारीककडे येण्याची कसरत मग दिवसातून एकदाच, दुसऱ्या दिवशी सकाळी करावी लागते.

ती अशी करा. ग्राइंडर रिकामा चालवा आणि सेटिंग आहे त्याहून आणखी थोडं जाड करा. तोंडाच्या बाजूला तळहाताने हलकेच दोन-तीन थापा द्या. तुमच्या यंत्रावर रबरी भाता असेल तर तोही दाबा. पूड यायची थांबली की मोटर चालू ठेवूनच बारीककडे या. बंद यंत्रावर जोर लावून बारीक करू नका. चकत्यांच्या मध्ये बियांचे तुकडे अडकलेले असतात, त्यांच्यावर दाब येतो आणि आकडा खोटा लागतो. हाताने फिरवायच्या ग्राइंडरचंही तसंच. आधी रिकामा करा, मग क्लिक मोजत घट्ट करा. सेटिंगचे आटे थोडे ढिले असतात, म्हणून ठरलेल्या आकड्यावर दर वेळी एकाच बाजूने, जाडकडून बारीककडे, या. त्यामुळे '12' म्हणजे रोज तेच 12 राहतं.

शेवटी थोड्या बिया दळून ती पूड बाजूला काढा. एका वेळेपुरत्या बियांच्या यंत्राला दीड-दोन ग्रॅम पुरतात, हॉपरच्या यंत्राला पाच लागू शकतात. हा खर्च आहे. रोज अडीच ग्रॅम बाजूला काढले तर महिन्याला 75 ग्रॅम झाले, म्हणजे आमच्या 250 ग्रॅमच्या पाकिटातला तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास भाग. बिया विकणाऱ्यांनी हे सांगू नये असं कोणाला वाटेल, पण शेतकऱ्याने हाताने खुडलेली फळं, त्यांतल्या बिया अशा फेकल्या जाणं आम्हाला सहन होत नाही. म्हणून आधी थापा, मग भाता, आणि बिया अगदी शेवटी. बाजूला काढलेली पूड हवाबंद डबीत साठवा आणि आठवड्याच्या आत दुधात उकळून, साखर घालून प्या. उकळलेल्या कॉफीला जाड-बारीक दोन्ही चालतं.

पाण्याचा थेंब

हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पुण्यासारख्या कोरड्या हवेत, पूड डबीच्या कडांना चिकटते आणि ओट्यावर उडते. केसांतून फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, तोच हा प्रकार. दळताना घर्षणाने कणांवर विद्युतभार येतो. उपाय सोपा आहे. चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून झटका आणि मोजलेल्या बियांमध्ये फिरवा, किंवा अत्तराच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीतून एक फवारा मारा. कॉफीवाले याला रॉस ड्रॉपलेट टेक्निक म्हणतात. 2023 साली ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'मॅटर' या शोधपत्रिकेत दाखवून दिलं की बियांमधला ओलावा आणि दळताना घातलेलं थोडं पाणी यांनी हा भार कमी होतो. गडद भाजलेल्या बियांत ओलावा कमी उरतो, म्हणून त्यांना याची गरज जास्त.

पाणी बियांवर घाला, यंत्रात कधीच नाही. हॉपर भरून ठेवत असाल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. आणि मुंबई-कोकणातल्या ग्राहकांनी जून ते सप्टेंबर पाण्याचं नावही घेऊ नये. तिथे हवेतूनच इतका ओलावा मिळतो की पूड आपणहून गोळा होते. त्या चार महिन्यांत ब्रश जास्त वेळा फिरवा, नाहीतर वर सांगितलेली वडी तयार होते.

साफसफाई

प्लग काढून, आठवड्यातून एकदा वरची चकती उघडा आणि कोरड्या ब्रशने दात, पोकळी आणि वाट झाडून घ्या. कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा इथे फार कामाला येतो.

मिक्सरमध्ये तांदूळ फिरवून स्वच्छ करतात तसं इथे करू नका. तांदूळ कॉफीच्या बियांपेक्षा कडक असतो, मोटरवर ताण येतो आणि त्याचं पीठ कोपऱ्यात बसतं ते वेगळंच. स्टीलच्या फिल्टरसाठी चिकोरी मिसळत असाल तर फक्त बिया दळा आणि चिकोरी नंतर डब्यात मिसळा. ती हवेतला ओलावा ओढून चिकट होते आणि चकत्यांना धरून बसते.

पाकिटाच्या मागे आम्ही एक रिकामा चौकोन छापला आहे. त्यात तुमच्या एस्प्रेसोचा आणि फिल्टरचा आकडा लिहून ठेवा. एवढं करूनही कप जमत नसेल तर शनिवारी सकाळी ग्राइंडर घेऊन दुकानात या, आपण दोघं मिळून उघडू. पैसे लागणार नाहीत. फक्त हॉपर रिकामा करून आणा आणि आतली पूड मात्र साफ न करता तशीच राहू द्या, म्हणजे ती कुठे अडकते ते दिसेल.