तेफिलीनची वादी आणि हृदयाची पूर्वतयारी

सकाळच्या प्रार्थनेला उभा राहणारा धर्मनिष्ठ ज्यू पुरुष आधी डाव्या दंडावर एक काळी चामडी डबी बसवतो. डावखुरा असेल तर ती उजव्या दंडावर जाते, कारण ती दुबळ्या हातावर बांधायची असते. हात खाली सोडला की डबी हृदयाकडे कलेल अशी तिची जागा ठरलेली आहे. आशीर्वचन म्हणायचे, वादी आवळून घ्यायची, मग कोपराखाली मनगटापर्यंत सात वेढे द्यायचे. दुसरी डबी डोक्यावर, कपाळाच्या केसांच्या रेषेच्या वर बसते. त्यानंतर पुन्हा हाताकडे येऊन मधल्या बोटाला तीन वेढे आणि उरलेली वादी तळव्यावर. वादी आणि त्वचा यांच्यामध्ये कापड चालत नाही. या साऱ्याला तेफिलीन म्हणतात. मुलगा तेरा वर्षांचा झाला की हे कर्तव्य त्याला लागू होते. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) आणि मोठे सण सोडून रोज सकाळी, साधारण अर्धा तास, वादी हातावर असते.

डब्यांमध्ये चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराह या ज्यूंच्या धर्मग्रंथातली चार वचने असतात. त्यांपैकी एक ‘शेमा’, म्हणजे देव एकच आहे असे सांगणारी प्रार्थना. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार, जगातल्या इतर ज्यूंशी संपर्क तुटला तेव्हाही त्यांनी जपून ठेवलेली प्रार्थना हीच.

वादी सोडल्यावर हातावर वळ दिसतात. ते काही मिनिटे टिकतात. त्या दाबाचा हृदयाशी काही संबंध असेल का, हा प्रश्न अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ जॅक रुबिनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. प्रश्न वरवर ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, पण त्यामागे तीस वर्षांहून जुने शरीरशास्त्र आहे.

1986 साली ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी पाच मिनिटे बंद केली, पाच मिनिटे मोकळी सोडली आणि असे चार वेळा केले. मग तीच धमनी सलग 40 मिनिटे बंद ठेवली. आधी सराव न मिळालेल्या हृदयांच्या तुलनेत यांचे मेलेले स्नायू जेमतेम एक चतुर्थांश भरले. प्राणवायूची छोटी टंचाई सोसलेल्या पेशी मोठ्या टंचाईत तग धरतात, हे तेव्हा दिसले. 1993 मध्ये त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आली. छोटे अडथळे एका धमनीला दिले आणि मोठा अडथळा दुसरीला, तरीही बचाव झाला. पुढे असेही दिसले की हृदयाला सावध करणारा इशारा हातापायांकडूनही जाऊ शकतो. त्यासाठी रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर गुंडाळून साधारण 200 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवतात, पाच मिनिटे ठेवतात, पाच मिनिटे सोडतात आणि हे तीन-चार वेळा करतात. हातातल्या ऊतींचा संदेश मज्जातंतूंतून आणि रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांतून हृदयापर्यंत पोहोचतो. तिथे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया रक्तपुरवठा परतण्याच्या धोक्याच्या क्षणी सहज फुटत नाहीत.

हे संरक्षण दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा लगेच सुरू होतो आणि दोन-तीन तासांत ओसरतो. दुसरा 12 ते 24 तासांनी उगवतो आणि साधारण तीन दिवस टिकतो, कारण तोवर पेशींनी नवी प्रथिने बनवलेली असतात. तेफिलीनच्या वेळापत्रकाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. शुक्रवारी सकाळी बांधले, शनिवार वगळला आणि रविवारी सकाळी पुन्हा बांधले, तर मधले अंतर 48 तासांचे होते, म्हणजे दुसरा टप्पा संपायच्या आत. सण शब्बाथला जोडून आला की हे अंतर वाढते. हा फक्त तर्क आहे, पण प्रयोगाने तपासता येईल असा.

रुबिनस्टाइन यांच्या गटाचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सिनसिनाटी परिसरातले 18 ते 40 वयाचे 20 निरोगी ज्यू पुरुष त्यात होते: नऊ जण रोज तेफिलीन घालणारे, अकरा जण न घालणारे. सकाळी वादी बांधण्याआधी आणि मग ती अर्धा तास बांधल्यावर मोजमापे घेतली, रक्त काढले. रक्तप्रवाह मोजला तो वादी नसलेल्या हाताचा. ही रचना मला फार पटते, कारण परिणाम तिथे दिसला तर तो केवळ दाबलेल्या हातापुरता नाही हे कळते. रोज घालणाऱ्यांमध्ये रक्तप्रवाह चांगला दिसला आणि दाहाला चालना देणारी काही द्रव्ये रक्तात कमी आढळली.

एवढ्यावरून हृदयविकार टळतो असे म्हणता येत नाही. माणसे 20, सगळी तरुण आणि धडधाकट. कोणी तेफिलीन घालायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. रोज घालणारा माणूस जेवण, विश्रांती, समाजाचा आधार अशा अनेक बाबतींत वेगळा असू शकतो. इस्राएलमध्ये सुमारे 10 हजार पुरुष सरकारी नोकरांची 23 वर्षे पाहणी झाली, तिच्यात कर्मठ धार्मिक पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. मात्र त्याचे श्रेय वादीला की त्यांच्या सगळ्या जीवनपद्धतीला, हे अशा पाहणीतून सुटे करता येत नाही.

दाबातही फरक आहे. फुगवलेला पट्टा धमनी पूर्ण बंद करतो. वादी अरुंद असते. तिच्याखाली आधी शिरा दबतात, कारण त्यांच्यातला दाब कमी असतो; धमनी बहुधा वाहतीच राहते. म्हणून हात लालसर-निळसर होतो, पण नाडी लागते. अशा अर्धवट टंचाईने इशारा पुरेसा जातो का, हा खरा प्रश्न आहे.

खऱ्या पट्ट्याची मोठ्या चाचण्यांतली कामगिरीही इथे सांगायला हवी. 2015 मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या दोन चाचण्यांत, एकीत 1612 आणि दुसरीत 1403 रुग्ण असताना, फायदा दिसला नाही. 2019 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या 5401 रुग्णांवरच्या चाचणीतही वर्षभराने मृत्यू किंवा हृदयनिकामीपणा कमी झाला नाही. शस्त्रक्रियेत वापरलेल्या प्रोपोफॉल या भूलीच्या औषधाने इशारा दबला असावा, असे अनेक संशोधक मानतात. झटक्याच्या रुग्णांची बंद धमनी आता लवकर उघडली जाते, त्यामुळे वाचवायला थोडेच उरते, हेही एक संभाव्य कारण.

घरी दोरी किंवा पट्टा आवळून हा प्रयोग करू नये. कोपराजवळ मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून जातात. बोटांना मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा बोटे पांढरी पडली, तर बांधलेले लगेच सैल करावे. डायलिसिससाठी जोडणी केलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यानंतर सूज असलेला हात आणि शिरेत गुठळी झालेला हात कधीही आवळू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हलक्या दाबानेही काळेनिळे पडते. अशा व्यक्तीने तेफिलीन घालण्याआधी डॉक्टरांशी आणि आपल्या रब्बींशी (ज्यू धर्मगुरूंशी) बोलावे. छातीत दाब आला, घाम फुटला, डावा हात दुखू लागला, तर 108 ला फोन करावा आणि हाताला काहीही बांधत बसू नये.