त्रास होत नाही, मग तपासायचं काय?

माझी मावशी पॅप टेस्टचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीचा, विषय काढला की एकच वाक्य बोलायची, "अगं मला काही होतच नाहीये, मग तपासायचं काय?" आणि खरं सांगायचं तर कॅन्सर स्क्रीनिंगची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते, कारण स्क्रीनिंग म्हणजेच ज्याला काहीच होत नाहीये त्याची तपासणी. गाठ हाताला लागली, रक्त गेलं, मग डॉक्टर जे करतात ते निदान, ते वेगळं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचंच बघा ना, एचपीव्ही या विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं जातात, आणि इतकी वर्षं बाईला काहीही जाणवत नाही. पॅप टेस्टमध्ये या मधल्या काळातल्या बिघडलेल्या पेशी सापडतात, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच.

लोक तपासणीला का येत नाहीत हा प्रश्न तसा जुना आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत टीबीसाठी छातीचे एक्स-रे फुकट काढून मिळायचे, त्यासाठी फिरत्या गाड्या होत्या, तरी बरेच जण फिरकायचेच नाहीत. तिथल्या सरकारी आरोग्य खात्यातल्या गॉडफ्री हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने हजाराहून जास्त लोकांना विचारून पाहिलं. "मला टीबी होऊ शकतो" आणि "लवकर कळलं तर फायदा आहे" या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यातल्या 82 टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता, ज्यांना दोन्हींपैकी एकही पटली नव्हती त्यांच्यात फक्त 21 टक्के. यातूनच पुढे हेल्थ बिलीफ मॉडेल आलं, म्हणजे आजाराबद्दल माणसाला काय वाटतं त्यावरून तो तपासणीला येईल का हे समजून घ्यायची एक मांडणी, आणि आज कॅन्सर स्क्रीनिंगवरच्या अभ्यासात ते सारखं वापरलं जातं.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कॅन्सर भयंकर असतो हे कोणाला सांगावं लागत नाही हो, पण "लवकर कळून उपयोग काय, व्हायचं ते होणारच" असं मनात पक्कं बसलं असेल तर भीती माणसाला तपासणीकडे नेत नाही, उलट लांब ठेवते. आणि हे असं का बसतं? उशिरा कळलेले, हाल झालेले पेशंट सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण ज्याच्या आतड्यातला छोटासा पॉलिप, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा कोंब, कोलोनोस्कोपीत (आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून करायच्या तपासणीत) काढून टाकला आणि कॅन्सर झालाच नाही, त्याची गोष्ट कोण सांगणार? म्हणून नुसती घाबरवणारी पोस्टर लावणं मला चुकीचंच वाटतं.

मग अडचणी येतात, लाज, दुखेल ही धास्ती, वेळ, आणि "मला हे जमेल का". 1988 मध्ये हा आत्मविश्वासाचा मुद्दाही मॉडेलमध्ये घेतला गेला. काही देशांत आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाच्या तपासणीचं किट घरी येतं, छोटीशी नळी, झाकणाला लावलेली काडी, नमुना घ्यायचा आणि परत पाठवायचा, बस्स एवढंच, पण किळस वाटते म्हणून ते महिनोन्‌महिने कपाटात पडून राहतं. एचपीव्हीसाठी बाईने स्वतःच नमुना घ्यायची सोय झाली ती अशाच अडचणींवर उपाय म्हणून. अर्थात प्रत्येक तपासणी प्रत्येकाला लागते असं नाही, वय आणि धोका बघून ठरतं, आणि कधी कधी काही नसताना रिपोर्ट संशयास्पद येतो, हेही लोकांना आधीच सांगायला हवं, नाहीतर विश्वास उडतो.

मावशीला मी वर्षभर समजावत होते. शेवटी ती दुसऱ्याच कामासाठी डॉक्टरांकडे गेली होती, त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर आज करून टाकूया, पाच मिनिटं लागतील." आणि मावशी हो म्हणाली.