काविळीचं दुसरं कारण

पुण्यात कुणाला कावीळ झाली की पहिला संशय पाण्यावर जातो. तो निराधार नाही. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘ई’वर इथल्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षं काम केलं आहे. पण आमच्या शेजारच्या आजोबांना ना ताप होता, ना पोटदुखी. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी आणि रात्रभर झोपू न देणारी खाज. घरच्यांनी तेल-तिखट बंद केलं, उसाचा रस दिला, काविळीची माळ घातली. त्यात तीन आठवडे गेले. मग सोनोग्राफीत फुगलेली पित्तनलिका दिसली आणि सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. ते तीन आठवडे मला अजून सलतात.

यकृत रोज पाऊण लिटरच्या आसपास पित्त तयार करतं आणि ते जेमतेम ६ मिलिमीटरच्या नळीतून लहान आतड्यात उतरतं. जाताना ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ वाढली की नळी आवळली जाते, पित्त तुंबतं आणि त्यातलं बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य रक्तात उतरतं. शौचाला रंग येतो तोही त्याच्यामुळेच, म्हणून ती पांढुरकी पडते.

ही वाट पोट न फाडता उघडता येते. ईआरसीपीमध्ये तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, पित्तनलिकेच्या तोंडातून बारीक तार सरकवतात आणि एक्स-रेत पाहत तारेवरून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. १९७९च्या सुमारास जर्मनीत असे स्टेंट बसवणं सुरू झालं, तेव्हा ते प्लास्टिकचे होते. जेमतेम ३ मिलिमीटरची ती प्लास्टिकची नळी जंतूंच्या थराने साधारण तीन महिन्यांत तुंबते. मेटलचा स्टेंट म्हणजे निकेल-टायटॅनियमची जाळी; ती मिटलेली आत जाते आणि १० मिलिमीटरपर्यंत उमलते. ती महाग असते, पण जास्त टिकते.

स्टेंटने गाठ कमी होत नाही. पण बिलिरुबिन चढलेलं असताना केमोथेरपीची बरीच औषधं देता येत नाहीत. उलट शस्त्रक्रिया लगेच होणार असेल, तर संसर्गाच्या भीतीने स्टेंट अनेकदा टाळतात. म्हणून ‘मेटल की प्लास्टिक’ याच्या आधी ‘पुढे काय करायचं ठरलंय?’ हे डॉक्टरांना विचारावं.

स्टेंट बसवल्यावर आजोबांची खाज काही दिवसांत ओसरली, झोप लागू लागली. दोन महिन्यांनी एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. स्टेंट तुंबल्याची ही खूण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवली होती. यावेळी घरचे सकाळपर्यंत थांबले नाहीत.